मजुरी थकवून उपवास?

प्रश्न : उपवासकाळात मी मांसाहार सोडतो, रोज चर्चमध्ये मिस्साला (सामूहिक उपासनेला) जातो. वाडीतल्या मजुरांचा हिशेब मात्र वडिलांच्या वेळेपासून महिनाअखेरीस होतो. मुलगी म्हणते, हे ख्रिस्ती वागणं नाही. तिचं ऐकू का?
– एक बागायतदार, वसई

उत्तर : ऐका, आणि आजच. बायबलमधलं ‘अनुवाद’ हे पुस्तक (२४:१५) सांगतं, मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्या. मजूर गरीब आहे, त्याचा जीव त्या मजुरीवर लागलेला असतो. बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रात (५:४) तर अडवून ठेवलेली मजुरी स्वतः ओरडते आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश देवाच्या कानी जातो. हे वचन मला दरवेळी हलवतं. महिनाभर उधारीवर किराणा आणणाऱ्या बाईला तुमच्या मांसत्यागाचा काय उपयोग? मागची बाकी या रविवारच्या मिस्साआधी चुकती करा. वडिलांची पद्धत मोडताना जड जाईल. मुलीला सोबत घ्या.