वाचक विचारतात : जुना चित्रपट, नवा टीव्ही

प्रश्न : 'संत तुकाराम' (१९३६) आमच्या नव्या टीव्हीवर पाहिला. सगळे चेहरे रुंद दिसले. अलीकडचे चित्रपटही मालिकेसारखे गुळगुळीत वाटतात. टीव्ही खराब आहे का?

उत्तर : टीव्ही ठीक आहे, सेटिंग चुकलंय. त्या काळची चौकट (रुंदी:उंची) जवळपास ४:३, तुमचा पडदा १६:९. 'वाइड' किंवा 'स्ट्रेच' निवडलं की चेहरा एक तृतीयांशाने रुंद होतो. 'झूम' त्याहून वाईट, कारण वरखालचं मिळून पाव चित्र कापलं जातं. पिक्चर साइझमध्ये 'ओरिजिनल' किंवा '४:३' घ्या. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्या, दिग्दर्शकाने रचलेली चौकट तेवढीच आहे. प्रत मुळातच ताणून चढवलेली असेल, तर '४:३' निवडल्यावर ती पूर्ववत होते. कापलेली असेल तर मात्र इलाज नाही, दुसरी प्रत शोधा.

गुळगुळीतपणाचं कारण वेगळं. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणजे २४ स्थिर चित्रांचा असतो आणि टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून भरतो. एलजीवर 'ट्रूमोशन', सोनीवर 'मोशनफ्लो' बंद करा. ही भर आपोआप बंद करणारा 'फिल्ममेकर मोड' असेल तर तोच लावा. जुन्या कृष्णधवल चित्रपटांसाठी 'नॉइज रिडक्शन'ही बंदच हवं, नाहीतर फिल्मच्या कणांसोबत चेहऱ्यावरचे बारकावेही पुसले जातात.