वस्तीत मराठी, मुस्लिम, यूपीवाले, जैन सगळेच आहेत, डायबेटिसवाल्यांचा ग्रुप सुरू करायचाय, सगळ्यांना एकच डाएट चार्ट दिला तर चालेल का?

नाही चालणार. मी स्वतः हा उद्योग करून तोंडावर आपटलेय म्हणून सांगते. कुर्ल्यात एका छोट्या दवाखान्यात डायबेटिसच्या पेशंटशी बोलायचं काम करते मी, डॉक्टर नाही, औषधाचं काही ठरवत नाही. सुरुवातीला मोठ्या हौसेने चार्ट छापला होता, सकाळी उपमा, दुपारी दोन चपात्या, एक वाटी वरण वगैरे. महिनाभराने जौनपूरच्या एका चाचींच्या घरी गेले तर चार्ट फळीवर डब्यांखाली छान अंथरलेला. त्यांचं काय चुकलं? त्यात ना सत्तू ना चोखा, आणि उपमा त्या घरात कोणी खातच नाही.

तेव्हापासून चार्ट बंद. आता एवढंच विचारते, काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लं नि किती वाजता, चहा धरून. (चहा कोणी मोजतच नाही, दिवसाला सहा कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, आणि वर "मी गोड खातच नाही हो".)

आणि ग्लुकोमीटर त्यांच्याच हातात द्या. आमच्या एक मावशी एकादशीला साबुदाणा सोडणार नाही म्हणजे नाहीच. म्हटलं नका सोडू, फक्त खाऊन दोन तासांनी शुगर बघा. २६८ आली. पुढच्या एकादशीला स्वतःच अर्धी वाटी घेतली, दाण्याचं कूट वाढवलं, सोबत दही, तर १९०. मी चकार शब्द बोलले नव्हते. हात धुवूनच टेस्ट करायची मात्र, एकांनी आंबा कापून तसंच बोट टोचलं, ३०० च्या वर आकडा, सगळं घर घाबरलं.

रमजानचं बोलणं रमजान लागल्यावर काढून उपयोग नाही, दीड-दोन महिने आधीच डॉक्टरांकडे पाठवा, कारण गोळ्यांच्या वेळा नि डोस सहरी-इफ्तारप्रमाणे बदलावे लागतात, इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (शुगर खूप खाली आणू शकणारी गोळी) वाल्यांचे तर खासच, आणि काहींना रोजा ठेवूच नका असंही सांगतात. बोट टोचलं की रोजा तुटतो असं बऱ्याच जणांना वाटतं, माझ्यासारखीने सांगून ते पटत नाही, शेवटी आम्ही मौलानांनाच बोलावलं, ते म्हणाले नाही तुटत, विषय संपला. शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायचा, हे घरच्यांकडूनही पाठ करून घ्या. जैनांचा चौविहार म्हणजे सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही, मग "रात्री जेवणानंतर" लिहिलेली गोळी घेणार कधी? डॉक्टरला कोणी सांगत नाही, गोळी गुपचूप बंद होते.

इन्सुलिनवाले असतील तर बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून बघाच. आपल्याकडे बाटली बहुतेक ४० ची (म्हणजे एका मिलीत ४० युनिट) असते, तिला लाल टोपणाची सिरिंज, नारिंगी टोपणाची १०० च्या बाटलीसाठी. अदलाबदल झाली की डोस अडीचपट इकडचा तिकडे. वाचता न येणाऱ्यालाही रंग कळतो.

पहिल्या मीटिंगला प्रत्येकाला घरातली रोजची वाटी घेऊन यायला सांगा. आमच्याकडे अकरा वाट्या जमल्या, पाणी ओतून मोजलं तर सगळ्यात मोठीत सगळ्यात छोटीच्या दुप्पट मावत होतं. आणि मी सगळ्यांना सांगत होते, एक वाटी भात.