शब्द घेऊन परत ये

प्रभूमध्ये प्रिय,
सप्रेम सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दोन वर्षं मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाऊल नाही, तरुण संघाच्या शिबिराचे 4,000 रुपये तुझ्याकडे होते ते 'खर्च होऊन गेले', घरी 'खोटं बोललं गेलं', आणि आता मनाला फार लागून राहिलंय पण देवापुढे जायला तोंड नाही, असं तू लिहितोस. लागून राहिलंय हे चांगलं आहे. फक्त तिथेच बसून राहू नकोस.

आपल्या मराठी शब्दामुळे इथे थोडी गल्लत होते. पश्चात्ताप म्हणजे मागाहून होणारा ताप, नंतरची जळजळ. संदेष्टे ज्या इब्री शब्दाने लोकांना हाक मारतात तो 'शूव', आणि त्याचा अर्थ अगदी रस्त्यावरचा आहे: वळणं, परत येणं. नव्या करारातला ग्रीक शब्द 'मेटानोइया', म्हणजे मन पालटणं. जळजळ त्यात असते, पण ती सुरुवात आहे. पौल करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (7:10) दोन प्रकारची दुःखं सांगतो. एक देवाकडे वळवतं, दुसरं माणसाला मरणाकडे नेतं. वरून दोन्ही सारखीच दिसतात.

येशूचे दोन शिष्य शेजारी ठेवून बघ: त्याला धरून देणारा यहूदा आणि 'मी त्याला ओळखत नाही' म्हणणारा पेत्र. मत्तय 27 मध्ये यहूदाने काय काय केलं? त्याला वाईट वाटलं, निर्दोष माणसाला धरून दिलं हे त्याने कबूल केलं, तीसची तीस नाणी परत नेऊन दिली. पण हे सगळं घेऊन तो गेला मुख्य याजकांकडे, आणि त्यांनी 'त्याचं आम्हाला काय' म्हणून हात झटकले. तिथून तो एकटाच निघाला, तो गळफासाकडे. पेत्राकडे परत द्यायलाही काही नव्हतं. तो नुसता रडला. पण काठावर प्रभू उभा आहे हे कळताच मचवा किनाऱ्याला लागायची वाट न बघता त्याने पाण्यात उडी टाकली. योहानाने एक बारीक गोष्ट टिपून ठेवली आहे. पेत्राने नाकारलं ते कोळशाच्या विस्तवाजवळ (18:18), आणि प्रभूने त्याला 'माझ्यावर प्रीती करतोस का' असं तीनदा विचारलं तेव्हाही शेजारी कोळशाचाच विस्तव होता (21:9). जखम जिथे झाली तिथेच हात लावला. म्हणून तूही पहिल्यांदा प्रभूकडे जा. पैसे, माफी, मंडळी हे सगळं त्यानंतर.

जाताना काय न्यायचं, हे होशेय 14:2 सांगतो: शब्द घेऊन परमेश्वराकडे परत या. मग शब्द कोणते, हे बघू. इथे बहुतेकांचं चुकतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मराठीत दोष अंगाला न लावून घेता कबुली देण्याची फार सोय आहे. 'माझ्या हातून चूक झाली', 'तसं घडून गेलं'. तुझ्या पत्रात पैसे आपोआप खर्च झाले आहेत आणि खोटंसुद्धा आपोआप बोललं गेलं आहे. वाक्यात तू कुठेच नाहीस. आता स्तोत्र 51 उघड. दावीद राजाने दुसऱ्याची बायको घेतली आणि तिच्या नवऱ्याला मारवलं, तेव्हा नाथान संदेष्टा त्याचं पाप दाखवायला आला, त्यानंतरचं हे स्तोत्र. चौथ्या वचनात दावीद सरळ म्हणतो, मी पाप केलं, तुझ्या दृष्टीने वाईट ते मी केलं. त्याच्याआधीचा राजा शौल, त्यानेही 'मी पाप केलं' हेच शब्द उच्चारले होते (1 शमुवेल 15). पण त्याने लगेच जोडलं की मला लोकांची भीती वाटली, आणि पुढे शमुवेलाला विनवलं की निदान वडीलजनांपुढे माझा मान राख. शौलाला अब्रू सांभाळायची होती. दावीद शुद्ध हृदय मागत होता.

एखाद्या संध्याकाळी अर्धा तास काढ. फोन दुसऱ्या खोलीत ठेव. स्तोत्र 51 ची एकोणीसही वचनं मोठ्याने वाच, चार मिनिटं लागतील. मग कागद घे आणि प्रत्येक वाक्य 'मी' ने सुरू कर: मी संघाचे 4,000 रुपये स्वतःसाठी वापरले. मी वडिलांना सांगितलं की दर रविवारी उपासनेला जातो. 'पण', 'कारण', 'त्यामुळे' हे शब्द आले की पूर्णविराम आधीच टाक. 'मी फार वाईट आहे' असलं मोघम वाक्यही खोड, त्यात काय केलं ते कुठेच येत नाही. वसईच्या आपल्या कॅथलिक भावंडांच्या पापनिवेदनात, म्हणजे धर्मगुरूपुढच्या कबुलीत, गंभीर पाप कोणतं आणि किती वेळा, दोन्ही सांगायचं असतं. आपल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत तसा प्रघात नाही, त्यामुळे 'प्रभू, आमच्या पापांची क्षमा कर' या एका ओळीत सगळं गुंडाळायची सवय लागते. कागद लिहून झाला की तो देवापुढे वाच, 1 योहान 1:9 वाच (आपण पापं कबूल केली तर तो क्षमा करतो), आणि कागद जाळून टाक. जपून ठेवू नकोस. मी असे लोक पाहिले आहेत जे क्षमा मिळालेलं पाप वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा कबूल करत बसतात, आणि त्यालाच नम्रता समजतात.

आता पैसे. लेवीय 6:5 मधला नियम स्पष्ट आहे: घेतलं तेवढं पूर्ण, वर पाचवा हिस्सा. म्हणजे 4,000 वर 800, एकूण 4,800. जकातदार जक्कयाने तर चौपट देऊ केलं. मात्र क्रम लक्षात ठेव. प्रभू जक्कयाच्या घरी उतरायला आधी निघाला, चौपटीची भाषा नंतर आली. परतफेड ही क्षमेची किंमत नाही. पण ज्याला क्षमा मिळाली त्याला दुसऱ्याचे पैसे खिशात ठेवून चैन पडत नाही. एकदम जमत नसतील तर महिना 800 प्रमाणे सहा हप्ते ठरव आणि तारीख सांग. दानपेटीत गुपचूप टाकू नकोस. पैसे फिटतील, पण ज्या खजिनदारांवर हिशेबात तूट आल्याचा ठपका असेल ते तसेच अडकून राहतील. त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर लिहू नकोस, समोर जा. काय केलंस ते सांग, किती आणि कधी देणार ते सांग, आणि थांब. लगेच 'मला माफ केलं ना?' असं विचारून त्यांच्यावर भार टाकू नकोस. त्यांना वेळ लागला तर लागू दे.

वडिलांशीही तसंच. ते चिडतील. दावीदाला नाथानाने त्याच क्षणी सांगितलं की परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे, आणि तरी घरात जे पेरलं गेलं होतं ते दावीदाला पुढे भोगावं लागलं. परिणाम शिल्लक आहेत म्हणून क्षमा मिळाली नाही, असा हिशेब मांडू नकोस.

कबुली किती लोकांपुढे द्यायची, हे पाप किती लोकांपर्यंत पोचलं त्यावरून ठरव. 1905 साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, झालं, तेव्हा मुलींनी रडत सर्वांदेखत पापं कबूल केली. देवाने तसं करवलं तर कोण अडवणार? पण संजीवन सभेत माइक हातात आला म्हणून साक्षीच्या नावाखाली दुसऱ्या कुणाचं नाव गुंतलेली गोष्ट उघड करू नकोस. पैशांचं संघाच्या समितीपुढे, खोटं बोलल्याचं घरात, आणि एकांतातलं जे तू पत्राच्या शेवटी दोनच ओळींत लिहिलंस ते पाळकसाहेबांपुढे किंवा एखाद्या प्रौढ विश्वासू बंधूपुढे. 'एकमेकांपुढे पापं कबूल करा' म्हणणाऱ्या याकोब 5:16 साठी एक माणूस पुरतो.

त्या शेवटच्या गोष्टीबद्दल. नीतिसूत्रे 7 मधला तरुण त्याला भुलवणाऱ्या परस्त्रीच्या दारात सापडत नाही. तिच्या कोपऱ्याजवळच्या रस्त्याने संध्याकाळी चालताना तो पहिल्यांदा दिसतो. तुझा रस्ता रात्री अकरानंतरचा फोन आहे. चार्जर हॉलमध्ये ठेव, गजराला साधं घड्याळ आण. आणि रिकामी झालेली जागा रिकामी ठेवू नकोस. मत्तय 12 मधलं झाडून-पुसून ठेवलेलं घर रिकामं होतं, म्हणूनच तिथून निघालेला अशुद्ध आत्मा आणखी सात घेऊन परत आला. सकाळी पंधरा मिनिटं, एक स्तोत्र आणि शुभवर्तमानातला एक उतारा, मनाला वाटो न वाटो.

पुन्हा पडशील तेव्हा 'थोडा सुधारतो, मग प्रार्थना करतो' असं मनात येईल. दोन वर्षांपूर्वी तेच आलं होतं, आणि त्यातच दोन वर्षं गेली. पडलास त्याच रात्री ये. लूक 15 मधल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला धाकटा, बापाचा पैसा उडवून घरी परत येताना, वाटेत तीन वाक्यं जुळवून निघाला होता: मी पाप केलं, तुझा मुलगा म्हणवून घ्यायला योग्य नाही, मला मजुरासारखं ठेव. आता बापासमोर तो प्रत्यक्षात काय बोलला ते एकविसाव्या वचनात मोज. दोनच वाक्यं आहेत. तिसरं यायच्या आत बाप चाकरांना झगा, अंगठी आणि पायतण आणायला सांगतोय. आंघोळ करून ये, असं कोणी म्हटलेलं नाही.

त्याच दाखल्यातला, धाकटा परत आला म्हणून चिडलेला थोरला भाऊही मंडळीत भेटेल. 'इतके दिवस कुठे होतास?' हे तो प्रेमाने विचारणार नाही. त्याच्याशी वाद घालू नकोस, बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर आला होता. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन आहे. त्याच्या आत खजिनदारांची भेट उरक, कारण मत्तय 5:24 मध्ये अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाकडे जायला सांगितलं आहे.

त्यांच्याकडे जाताना सोबत हवी असेल तर कळव. फाटकापर्यंत मी येईन. आत मात्र तू एकटा जा.

प्रभूमध्ये तुझा