मुंबई सिटीचा २०२३-२४ हंगाम : करंडकाचे श्रेय कोणाचे आणि क्रात्कींनी नेमके काय केले?

आपण विचारलेले दोन प्रश्न मी आधी पुन्हा मांडते, म्हणजे पुढील वाचकांनाही संदर्भ कळेल. आधीचे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम यांनी घडवलेला संघ मध्येच आलेले प्रशिक्षक पेत्र क्रात्की यांना आयता मिळाला असताना इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या या करंडकाचे श्रेय क्रात्कींना कितपत द्यावे, हा आपला पहिला प्रश्न आहे. लीग शील्ड (साखळी सामन्यांत अव्वल ठरणाऱ्या संघाला ती मिळत होती; करंडक त्यानंतरच्या बाद फेरीतून ठरत होता) शेवटच्या दिवशी हातातून निसटली असताना हा हंगाम यशस्वी म्हणावा काय, हा दुसरा. क्रात्की शेवटच्या सामन्यापर्यंत एकही लीग सामना हरले नव्हते, असेही आपण ओघात लिहिले आहे. ते बरोबर नाही, पण त्याकडे मी नंतर वळते. २०१४ मध्ये डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये हा क्लब पहिल्यांदा खेळला तेव्हापासून मी त्याच्यासोबत आहे, आणि इतक्या वर्षांत ज्या हंगामाविषयी माझे मत सर्वाधिक वेळा बदलले, तो हाच.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर क्रात्की आले त्या डिसेंबरपासून सुरू करता येत नाही, कारण क्रात्कींना जे मिळाले ते आपण समजता तितके भरभक्कम नव्हते. २०२२-२३ च्या हंगामात बकिंगहॅम यांच्या संघाने सलग १८ लीग सामने अपराजित राहून ४६ गुणांसह शील्ड जिंकली, ५४ गोल केले आणि मग उपांत्य फेरीत बंगळुरूकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हार पत्करली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात अहमद जाहू आणि मुर्तदा फॉल हे दोघेही ओडिशाकडे गेले. एक मध्यभागातून खेळाची गती ठरवणारा, दुसरा बचावाचा आधारस्तंभ. संघ नव्याने बांधला जात असतानाच आशियातील क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगचे सामने आले. नवबहोर, नस्साजी आणि अल हिलाल यांच्या गटात आम्ही सहाच्या सहा सामने हरलो. रियाधमध्ये तर अल हिलालने सहा गोल चढवले. बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात संघ पाहायला मी द्रुतगती मार्गाने दोनदा गेले आणि दोन्ही वेळा गप्प बसून परतले, परंतु त्या सामन्यांना आलेल्या आमच्या लोकांनी शेवटच्या मिनिटापर्यंत आवाज कमी होऊ दिला नाही, हे इथे नोंदवले पाहिजे.

याच काळात, नोव्हेंबरच्या मध्यास, बकिंगहॅम यांनी इंग्लंडमधील ऑक्सफर्ड युनायटेडचे प्रशिक्षकपद स्वीकारले. ते त्यांचे जन्मगाव, आणि तो त्यांचा लहानपणापासूनचा क्लब. या निर्णयाचा मला राग आला नाही, आणि मे २०२४ मध्ये वेम्ब्लीवर त्यांनी ऑक्सफर्डला वरच्या श्रेणीत नेले तेव्हा मनापासून आनंद झाला. २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान त्यांनीच आम्हाला मिळवून दिला होता, आणि तो विजयी गोल मुंबईत जन्मलेल्या राहुल भेकेच्या हेडरवर आला होता. ते ऋण फिटणारे नाही. मात्र त्यांच्या जाण्याने हंगामाच्या ऐन मध्यावर मोठी पोकळी निर्माण झाली, हेही तितकेच खरे. काळजीवाहू व्यवस्थेखाली संघाने बंगळुरूत जाऊन ४-० असा विजय मिळवला आणि त्यानंतर क्रात्की यांची नियुक्ती जाहीर झाली.

क्रात्की मेलबर्न सिटीचे सहप्रशिक्षक होते, आणि बकिंगहॅमही मुंबईत येण्यापूर्वी त्याच क्लबात त्याच कामावर होते. या दोन्ही क्लबांची तेव्हा मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपची ही रीत आहे. माणूस बदलतो, पण चेंडू ताब्यात ठेवून खेळायचे, बचावातून बांधणी करत पुढे जायचे आणि विंगरना मोकळी जागा मिळवून द्यायची, ही शिकवण तीच राहते. त्यामुळे नवा प्रशिक्षक आला म्हणून खेळाडूंना मुळापासून काही शिकावे लागले नाही. आपण ज्याला ‘आयता मिळालेला संघ’ म्हणता त्याचा खरा अर्थ एवढाच. क्रात्कींनी ती पद्धत जशीच्या तशी राखली. मोसमाच्या मध्यावर आलेल्या माणसाला आपला ठसा उमटवण्याची घाई होणे स्वाभाविक असते. त्यांनी ती घाई केली नाही, हे मी त्यांच्या श्रेयाच्या बाजूस पहिले लिहीन.

पण मग आले २० डिसेंबर. सूत्रे हाती घेऊन त्यांना दोन आठवडेही झाले नव्हते आणि अंधेरीत मोहन बागानविरुद्धचा तो सामना झाला, ज्यात पंचांनी सात लाल कार्डे दाखवली. चार आमच्या खेळाडूंना, तीन त्यांच्या. आकाश मिश्रा तेराव्या मिनिटालाच बाहेर गेला होता, पुढे ग्रेग स्टुअर्टही गेला आणि सामना संपल्यावरही कार्डे निघत राहिली. पिछाडीवरून येऊन २-१ असा सामना आम्ही जिंकला. शहाजी राजे भोसले क्रीडासंकुलाचे ते छोटेसे मैदान त्या रात्री जितके गर्जले, तितके मी क्वचितच ऐकले आहे, परंतु आझादनगर मेट्रो स्थानकाकडे चालत जाताना आमच्यापैकी बहुतेकांच्या मनात पुढच्या सामन्याचीच काळजी होती. ती खरी ठरली. चार दिवसांनी निलंबित खेळाडूंविना कोचीला गेलेला संघ केरळ ब्लास्टर्सकडून २-० असा हरला. आपल्या विधानातील चूक ती हीच. संपूर्ण लीगमध्ये बावीस सामन्यांत आम्ही तीनदा हरलो आणि ते तिन्ही पराभव क्रात्कींच्याच काळातील आहेत. बकिंगहॅम गेले तेव्हा लीगमध्ये संघ अपराजित होता. हा आकडा क्रात्कींच्या विरोधात वापरणारे लोक मला भेटले आहेत, आणि आकडा खोटा नसल्यामुळे त्याला उत्तर देणे भाग आहे.

ते उत्तर जानेवारीत आहे. कलिंगा सुपर कप या वेगळ्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत ओडिशाकडून हार झाली, त्याच महिन्यात स्टुअर्ट क्लब सोडून स्कॉटलंडला परतला आणि रॉस्टिन ग्रिफिथ्सही गेला. स्टुअर्टचे जाणे म्हणजे एका परदेशी खेळाडूचे जाणे नव्हते. मध्यफळी आणि आक्रमण यांच्यामधल्या पट्ट्यात चेंडू घेऊन वळणारा, फ्री किक आणि कॉर्नर घेणारा, प्रतिस्पर्ध्याचे दोन खेळाडू स्वतःकडे ओढून इतरांना मोकळे करणारा असा तो खेळाडू होता, आणि दीड हंगाम आमचा प्रत्येक चांगला हल्ला त्याच्या पायांतून जात होता. नवे आलेले इकर ग्वारोचेना, याकुब वोयतुश आणि थाएर क्रौमा हे तिघेही उपयोगी ठरले, पण त्यांच्यातला कोणीही स्टुअर्ट नव्हता. क्रात्कींनी स्टुअर्टची जागा भरण्याचा आग्रहच सोडून दिला. हल्ल्याचा भार मधून काढून कडांवर नेला. योएल व्हान नीफ आणि अपुइया यांनी मागून चेंडू फिरवायचा, आल्बेर्तो नोगेरा याने फटीतून तो पुढे सरकवायचा, आणि उजवीकडे लालियनझुआला छांगते व डावीकडे विक्रम प्रताप सिंग यांनी धाव घ्यायची, अशी मांडणी फेब्रुवारीनंतर स्पष्ट दिसू लागली.

यातली डावी बाजू मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिथे बिपिन सिंग होता. मार्च २०२१ मध्ये, आमचे तेव्हाचे प्रशिक्षक सर्जियो लोबेरा यांच्या संघासाठी, गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर एटीके मोहन बागानविरुद्ध (मोहन बागानचे तेव्हाचे नाव) नव्वदाव्या मिनिटाला गोल करून पहिला करंडक मिळवून देणारा बिपिन. त्याला राखीव बाकावर बसवून विक्रमला नियमित खेळवणे हा लोकप्रिय निर्णय नव्हता आणि मी स्वतः त्या काळात त्याविरुद्ध लिहिले होते. माझे मत चुकीचे होते. विक्रमला मोसमाअखेर उदयोन्मुख खेळाडूचा पुरस्कार मिळाला. बिपिनची गोष्ट मात्र तिथे संपली नाही, ती पुढे येईल.

आता शील्डविषयी. १५ एप्रिलला कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागानविरुद्धच्या शेवटच्या लीग सामन्यात आम्हाला फक्त बरोबरी हवी होती. साठ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर लिस्टन कोलासो याने पूर्वार्धात गोल केला, ऐंशीव्या मिनिटाला जेसन कमिंग्जने दुसरा, आणि छांगतेचा गोल आला तेव्हा घड्याळ नव्वदीला टेकले होते. मोहन बागान ४८, मुंबई ४७. त्या सामन्यात माझ्या मते आमच्या खेळाडूंच्या पायांत बरोबरीचे गणित अडकले होते. चेंडू आमच्याकडे असतानाही पास आडवे जात होते, बचावपटू पुढे यायला बिचकत होते आणि धोका पत्करण्याचे धैर्य दुसरा गोल झाल्यावरच आले. याची जबाबदारी प्रशिक्षकावर येते, आणि मी ती त्यांच्यावरून काढून घेणार नाही. लीग शील्ड ही त्या हंगामात बावीस सामन्यांची कमाई होती. तीच तेव्हा आशियाई स्पर्धेचे दार उघडत होती, आणि एका गुणाने ती गमावणे हे अपयश आहे. मागाहून मिळालेल्या करंडकाने त्याची भरपाई होते असे मी मानत नाही.

म्हणूनच पुढचे एकोणीस दिवस मला अधिक बोलके वाटतात. दोन सामन्यांच्या उपांत्य फेरीतील २४ एप्रिलच्या पहिल्या सामन्यासाठी मी मांडवी एक्स्प्रेसने मडगावला गेले होते. मानोलो मार्केझ यांचा गोवा संघ सुरेख खेळला. बोरिस सिंग आणि ब्रँडन फर्नांडिस यांच्या गोलांनी त्यांनी २-० अशी आघाडी घेतली आणि नव्वदाव्या मिनिटापर्यंत ती टिकवली. आमच्या भोवतीचे गोव्याचे लोक आनंदात होते, आणि त्यांचा आनंद रास्त होता. नव्वदाव्या मिनिटाला छांगते. लगेच पुढच्या मिनिटाला विक्रम. आणि भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगते. ३-२. याला नशीब म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि फुटबॉलमध्ये त्याचा वाटा असतोच. परंतु दोन गोलांनी मागे असताना, दुसरा सामना आपल्या मैदानावर व्हायचा असताना, कोणताही सावध प्रशिक्षक तोटा दोनावरच राखून घरी परतण्याचा विचार करेल. आमचा संघ शेवटची दहा मिनिटे पूर्ण ताकदीने पुढे चढत होता, दोन्ही विंगर आत घुसत होते आणि पाठीमागे मोकळे रान पडले होते. सॉल्ट लेकमध्ये जे धैर्य उशिरा आले, ते इथे खेळाडूंनी सोडलेच नाही. अंधेरीतला परतीचा सामना २-० असा सरळ जिंकला गेला, त्याविषयी वेगळे सांगण्यासारखे फार नाही.

४ मे रोजी अंतिम सामना : तेच सॉल्ट लेक, तोच प्रतिस्पर्धी, तसेच साठ हजार लोक. मध्यंतराच्या तोंडावर कमिंग्जने गोल केला तेव्हा मला १५ एप्रिलची आठवण झाली, तशी आपल्यालाही झाली असेल. उत्तरार्धात खोर्खे पेरेरा दियास याने नोगेराच्या लांब पासवर बरोबरी साधली, एक्याऐंशीव्या मिनिटाला बिपिनने दुसरा गोल केला आणि भरपाई वेळेत वोयतुशने तिसरा. शेवटचे दोन्ही गोल बदली खेळाडूंचे आहेत. ज्या बिपिनला फेब्रुवारीपासून बाकावर बसावे लागले, त्याने त्याच क्लबविरुद्ध दुसऱ्यांदा अंतिम सामना फिरवला. महिनोन्‌महिने कमी खेळायला मिळालेला ज्येष्ठ खेळाडू अशा वेळी मन लावून मैदानात उतरतो, तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये त्याला कोणी परके केले नव्हते असा अर्थ मी लावते. भेकेने कर्णधार म्हणून करंडक उंचावला. अंधेरी, ठाणे, डोंबिवलीच्या मैदानांवर खेळणाऱ्या मुलांनी तो क्षण पाहिला, याचे मला फार समाधान आहे.

तेव्हा आपल्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे : खेळण्याची पद्धत बकिंगहॅम यांची आणि ग्रुपची, परंतु स्टुअर्टनंतरचा संघ क्रात्कींचा, आणि १५ एप्रिलच्या पराभवातून त्याच मैदानावर १९ दिवसांत जे सुधारले तेही पूर्णपणे त्यांचे. फुर्बा लाचेनपाला गोल्डन ग्लव्ह हा सर्वोत्तम गोलरक्षकाचा पुरस्कार मिळाला, त्यात तिरी आणि मेहताब सिंग या बचावपटूंच्या जोडीचा मोठा हात आहे, आणि ती जोडी वसवण्याचे काम हंगामाच्या पूर्वार्धातच सुरू झाले होते, इतकी पुस्ती जोडते. दुसऱ्या प्रश्नाला मी हंगाम यशस्वी म्हणेन, शील्डचे दुःख वेगळे ठेवून.

राहता राहिला आपल्या प्रश्नाखाली एका सदस्याने मांडलेला मुद्दा, की जमशेदपूरच्या बरोबरीत दोन गुण गमावले नसते तर शील्ड आमचीच होती. मार्चमधील जमशेदपूरमधला तो सामना मैदानावर १-१ असा सुटला होता, हे खरे. पण प्रतिस्पर्ध्याने मैदानावरील भारतीय खेळाडूंच्या किमान संख्येचा नियम मोडल्यामुळे तो नंतर आम्हाला ३-० असा बहाल करण्यात आला. ते दोन गुण आमच्या ४७ मध्ये आधीच धरलेले आहेत.