शेजारणीसाठी प्रार्थना, तिच्या नकळत?

कॅनडातल्या ब्रॅम्प्टनहून इंदूरच्या एका लेकीचं पत्र आलंय. शेजारी लाहोरचं कुटुंब, दोघींच्या मुली एकाच वर्गात. बर्फ पडला की दोघी मिळून दारापुढची वाट मोकळी करतात. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सांगितलंय, मुस्लिम शेजाऱ्यांसाठी नाव घेऊन प्रार्थना करा. ती करतेही. पण लिहिते, "मावशी, तिच्या हातचा चहा पिताना चोरट्यासारखं वाटतं. मी मैत्रीण आहे की गळ टाकून बसलेय?"

बाळा, हे टोचतंय ते चांगलंच आहे.

मी इंदूरच्या छावणी भागात वाढले. भिंतीला भिंत लागून आमच्या मुस्लिम शेजारणीचं, आपांचं घर. ईदला त्यांच्याकडून शीरखुर्मा यायचा, नाताळला आमच्याकडून करंज्या जायच्या. होळकरांच्या वेळेपासून चालत आलेला मोहरमचा सरकारी ताजिया बघायला आम्ही त्यांच्याच मुलांबरोबर जायचो. आई रात्रीच्या प्रार्थनेत आपांचं नाव घ्यायची आणि आपांना ते ठाऊक होतं. वडील दवाखान्यात होते तेव्हा आपा स्वतः दारात येऊन म्हणाल्या, "हम दुआ कर रहे हैं, आप भी हमारे लिए करना."

मग आईच्या हातून एक चूक झाली. आपांच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. आपांनी रडत रडत आईला सांगितलं, आणि आईने ते महिला मंडळात प्रार्थनेची विनंती म्हणून नावासकट मांडलं. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. आठवड्याभरात गोष्ट गल्लीत पोचली. आपा भांडल्या नाहीत, फक्त त्या ईदला वाटी आली नाही. कितीतरी महिन्यांनी आई माफी मागायला गेली. आपा एवढंच म्हणाल्या, "ख़ुदा से कहना था बहन, मोहल्ले से नहीं।"

म्हणून आधी हे ऐक. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर शेजारणीचं नाव, तिच्या नवऱ्याची गेलेली नोकरी, मुलीचं आजारपण, काही म्हणजे काही टाकू नकोस. तिचं नाव घ्यायचं ते आपल्या खोलीत, दार लावून.

आणि प्रार्थना अशी कर, की ती अचानक आत आली तरी तुला वाक्य बदलावं लागणार नाही. मुलीचा दमा, आईचा व्हिसा, घराचा हप्ता, सगळं माग. "प्रभू, तिला तुझी ओळख होऊ दे" हेही माग. आपला विश्वास तोच आहे, तो लपवायचा कशाला? पण पाच वेळा नमाजाला उभी राहणारी बाई देवाला शोधतच नाही, असा सूर तुझ्या शब्दांत येत असेल तर थांब. तीही कदाचित तुझ्या हिदायतीसाठी, म्हणजे तुला खरी वाट दिसावी म्हणून, दुआ मागत असेल. ते कळल्यावर तुला अपमान वाटू नये असं वाटत असेल, तर तिलाही तुझ्या प्रार्थनेचा अपमान वाटू नये, हे बघ.

तेव्हा चहा पितानाच सरळ सांग, "मैं तुम्हारे लिए दुआ करती हूँ। कुछ ख़ास माँगूँ?" दुआ मागणं आणि देणं त्यांच्या रोजच्या बोलण्यातलं आहे. हा प्रश्न तिला परका वाटणार नाही, आणि तुझं चोरटेपण त्याच क्षणी गळून पडेल.

येशूचा विषय आपोआप निघेल. कुराणाचा १९वा सूरा, म्हणजे अध्याय, येशूच्या आईच्या, मरियमच्या नावाचा आहे. तिच्याकडून तिची मरियम ऐकून घे. वधस्तंभ आणि देवाचा पुत्र या दोन गोष्टींवर वाटा वेगळ्या होतात. विचारलं तर हे शांतपणे सांग, मुद्दाम उकरून काढू नकोस. आणि तिची मदतही घेत जा. लूकच्या शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायात, चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत, जखमी माणूस आपल्यातला आहे आणि वाकून त्याला उचलणारा परका आहे, हे आपण फार लवकर विसरतो.

खाण्यापिण्याचं: केकमध्ये रम नको, मुलांच्या गोळ्यांत जिलेटिन आहे का ते बघ, मटण हलाल दुकानातूनच आण. २०२६मध्ये राखेचा बुधवार, म्हणजे आपल्या उपवासकाळाचा पहिला दिवस, १८ फेब्रुवारीला होता आणि रमजानही त्याच आठवड्यात लागला. दोघींचे उपवास जवळजवळ येतात तेव्हा बोलायला याहून सोपा विषय कुठला? संध्याकाळी खजूर घेऊन जा, पण ती बोलावेल तेव्हाच.

शेवटी तू विचारलंस, ती कधीच ख्रिस्ती झाली नाही तर? तू आज जिथे आहेस त्याच कॅनडातून १८७७मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनरी इंदुरात आले. १८८७मध्ये त्यांनी ख्रिश्चन कॉलेज काढलं. तिथे शिकलेले बहुतेक जण आपापल्या धर्मात राहिले. त्यांना शिकवणं फुकट गेलं, असं मी इंदुरात अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

येत्या शनिवारी तिला सकाळी पोहे-जिलबीला बोलाव. पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावण मसाल्याची पुडी मी तुझ्या आईकडे देऊन ठेवते, पुढच्या पार्सलमध्ये येईल.