संपर्क तुटल्यावर गाडी काय करते?

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

दुरून चालवायच्या लष्करी गाडीचा तुझा आराखडा दोनदा वाचला. सहा चाकं, उंच दांड्यावर रात्रीही पाहू शकणारा कॅमेरा, वर मशीनगनसाठी जागा. बॅटरीचं गणितही नीट मांडलं आहेस. पण चालवणाऱ्याशी संपर्क तुटला तर गाडी काय करेल, याची एक ओळही सापडली नाही. तेवढ्यासाठीच लिहायला बसलो.

ड्रोन उडत असतं, त्याच्या वाटेत सहसा फार काही आडवं येत नाही. जमिनीवरच्या गाडीची अँटेना मात्र जेमतेम कमरेएवढी उंच. एखादा बांध, पडकी भिंत किंवा ओढ्याची दरड मध्ये आली की सिग्नल गेलाच. कॅमेऱ्याला उंचवटा दिसतो, पण गवताखालचा चर चाक आत गेल्यावरच कळतो.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने गोलायथ नावाच्या, स्फोटकं भरलेल्या छोट्या गाड्या हजारोंनी बनवल्या. मागे तारेचं रीळ असे आणि त्या तारेवरूनच हुकूम जात. १९४४ मध्ये पोलंडच्या वॉर्सा शहरात जर्मनांविरुद्ध झालेल्या उठावात लढणाऱ्यांनी ओळखलं की गाडी फोडायची गरज नाही, तार तोडली तरी पुरे. रशियाची उरान-९ ही गाडी बिनतारी. तिच्यावर ३० मिलिमीटरची तोफ आणि रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं. २०१८ मध्ये सीरियातल्या वापराबद्दल रशियन संशोधकांनीच नंतर सांगितलं, की दुरून चालवण्याचा काही किलोमीटरचा पल्ला अपेक्षित असताना वस्तीत तो जेमतेम ३०० ते ५०० मीटर भरला. संपर्क १९ वेळा तुटला, त्यांतल्या दोन वेळा दीड तासापर्यंत. धावत्या गाडीवरून नेमही धरता येईना. मला तो दीड तास राहून राहून आठवतो. शस्त्रसज्ज गाडी परक्या गावात उभी, आणि तिच्यावर कुणाचाच ताबा नाही.

माझ्या पहिल्या गाडीत मी ‘संपर्क गेला तर शेवटचा हुकूम चालू ठेव’ असं लिहिलं होतं. क्षणभर सिग्नल गेला तरी ती थबकायची, म्हणून ही सोय. चाचणीत ती मातीच्या ढिगाऱ्याआड गेली, आणि शेवटचा हुकूम ‘पुढे’ होता. पलीकडे आमचा मदतनीस उभा होता. त्याने उडी मारली म्हणून त्याचा पाय वाचला. चूक पूर्णपणे माझी होती. त्या संध्याकाळी मी ती ओळ काढून टाकली.

तेव्हा कामागणिक उत्तर वेगळं ठरव. बॉम्बजवळ गेलेल्या गाडीने जागच्या जागी थांबावं. जखमीला घेऊन येणारी गाडी मध्येच थांबली तर तो दगावेल, म्हणून तिने आल्या वाटेचे ठसे धरून मागे फिरावं. टेहळणीच्या गाडीने पाहिलेलं साठवावं आणि आडोशाला जावं. बंदूक असेल तर संपर्क जाताक्षणी ती कुलूपबंद व्हायला हवी, आणि हे कुलूप सॉफ्टवेअरच्या भरवशावर न सोडता विजेच्या जोडणीतच घाल. कुणावर गोळी झाडायची हे माणसाने ठरवायचं. या मुद्द्यावर मी तुझ्याशी तडजोड करणार नाही.

मला तर वाटतं, बंदूक सध्या बाजूलाच ठेव. युक्रेनमध्ये डिसेंबर २०२४ ला खारकीवजवळच्या लिप्त्सी गावापाशी युक्रेनी सैन्याने केवळ जमिनीवरच्या आणि उडत्या यंत्रांनी हल्ला केला, त्याची बातमी जगभर गाजली. पण तिथे या गाड्यांचं रोजचं मोठं काम म्हणजे आघाडीवर दारूगोळा नि पाणी पोहोचवणं आणि जखमींना मागे आणणं. शेवटच्या काही किलोमीटरच्या वाटेवर ड्रोनची नजर असते, तिथे माणूस पाठवणं म्हणजे त्याचा जीव पणाला लावणं. ती वाट तुझी गाडी चालली, तर त्याहून मोठं काय हवं?

आपल्याकडे, पुण्याजवळ दिघीच्या संरक्षण प्रयोगशाळेत घडलेला ‘दक्ष’ हा रोबो याच जातीचा. जिना चढतो, संशयित वस्तूचा क्ष-किरण फोटो काढतो, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बॉम्ब निकामी करतो, आणि हे सगळं चालू असताना जवान सुमारे ५०० मीटर दूर राहू शकतो. कुठल्या माणसाला कुठून मागे घ्यायचं आहे, हे त्याच्या आराखड्यात आधी ठरलेलं होतं. तुझ्या आराखड्यात तो माणूस मला अजून दिसला नाही.

कार्यशाळेच्या फरशीवरच्या चाचण्या आता पुरे. जुलैत आमच्या शेतावर ये. काळी माती तेव्हा चाकाला अशी चिकटते की दहा पावलांत चाकाचा गोळा होतो. बांधाच्या पलीकडे मी उभा राहीन, अलीकडून तू चालव, आणि मध्येच मी रिमोटचा वीजपुरवठा काढून घेईन. कधी ते सांगणार नाही.

आईबाबांना नमस्कार.

तुझा,
काका