भाषा डाव्या मेंदूत असते म्हणतात, मग कोणी बोलत असताना उजवा मेंदू नुसता बसून असतो का?

अजिबात नाही. आणि "डावा मेंदू भाषेचा, उजवा कलेचा" असं जे फॉरवर्ड फिरत असतं ना, त्याच्यापायी आमच्याकडे दोन सख्ख्या भावांनी बोलणं टाकलं होतं, म्हणून जरा लांबण लावतोय.

बाबांना स्ट्रोक आला तो मेंदूच्या उजव्या बाजूला. ही बाजू शरीराची डावी बाजू चालवते, म्हणून डावा हात लुळा पडला पण वाचा शाबूत. डॉक्टर म्हणाले भाषेचा भाग डावीकडे असतो, बोलण्याची काळजी नको. आणि खरंच, शब्द सगळे होते, वाक्यं नीट, पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे. फक्त आवाज सपाट झाला. "जेवलास का" आणि "अरे तो पडला" दोन्ही एकाच सुरात. समोरच्याचा सूरही त्यांना कळेनासा झाला. काका एकदा वैतागून म्हणाले, "वा, फारच हुशार आहेस रे तू!" तर बाबा शांतपणे "हो" म्हणाले आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. काकांचा पारा चढला. भाऊ माजलाय, दुखण्याचं भांडवल करतोय, चारचौघांत मुद्दाम अपमान करतो वगैरे. मी समजवायला गेलो तर म्हणे, "शब्द येतात ना सगळे? म्हणजे भाषेचा मेंदू ठणठणीत आहे, बाकीची नाटकं आहेत." वर तो फॉरवर्ड मलाच पाठवला.

तर काका, हे वाचत असाल तर नीट वाचा.

डावीकडचं कौतुक सुरू झालं ते ब्रोका या फ्रेंच डॉक्टरपासून. १८६१ साली त्याने अशा पेशंटचा मेंदू तपासला ज्याला "टॅन" सोडून जवळपास काही बोलता यायचं नाही, आणि इजा सापडली डाव्या पुढच्या भागात. १८७४ मध्ये वर्निक या जर्मन डॉक्टरने भाषा समजण्याशी संबंधित भाग दाखवला, तोही डावीकडेच. हे चूक नाहीये. पण अर्धवट आहे. कानातून आलेला आवाज दोन्ही बाजूंना पोचतो आणि बोलण्यातले ध्वनी ओळखायचं सुरुवातीचं काम बऱ्याच अंशी दोन्हीकडे चालतं, म्हणून तर ऐकू येतंय पण शब्दच ओळखू येत नाहीत अशी अवस्था बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना इजा झाल्यावर होते. डोरीन किमुरा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी साठच्या दशकात दोन कानांत एकाच वेळी वेगवेगळे आवाज ऐकवले. आकडे-शब्द उजव्या कानातले जास्त बरोबर सांगितले जायचे, म्हणजे डावा मेंदू (आवाज दोन्हीकडे पोचला तरी प्रत्येक कानाची समोरच्या बाजूच्या मेंदूकडची वाट जास्त जोरदार असते), पण गाण्याच्या चाली मात्र डाव्या कानातल्या. एक थिअरी अशी की डावी बाजू आवाजाचे फार बारीक तुकडे पकडते, सेकंदाच्या काही शतांशाइतके, ज्यात प आणि ब वेगळे होतात, आणि उजवी त्याहून लांब पट्टा ऐकते, ज्यात चढउतार कळतो. वाद आहेत तिच्यावर, पण मला पटते.

आणि बाबांचं जे झालं, म्हणजे बोलण्यातला सूर हरवणं, त्याला नाव आहे, एप्रोसोडिया. एलियट रॉस नावाच्या न्यूरॉलॉजिस्टने १९८१ मध्ये उजव्या बाजूच्या इजेनंतरच्या अशा पेशंटांवर लिहिलंय. टोमणा, थट्टा, आडून बोललेलं, हे उजवी बाजू बिघडली की निसटतं. शब्द पोचतात, हेतू पोचत नाही.

घरात असा पेशंट असेल तर माझं स्पष्ट मत, टोमणे बंद. राग आला असेल तर "मला राग आलाय" असं शब्दांत सांगा, कारण शब्द त्यांना व्यवस्थित कळतात. आणि तोंडावरून, आवाजावरून त्यांच्या मनातलं ताडू नका, सरळ विचारा. आम्ही बाबांना विचारायला लागलो तेव्हा समजलं की काका येणं बंद झाल्याचं त्यांना किती लागलं होतं, तेही त्यांनी बातम्या वाचल्यासारखंच सांगितलं.

आता हे आधी सांगायला हवं होतं, पण उजव्या स्ट्रोकनंतर सगळ्यांनाच असं होत नाही, आणि सपाट बोलणं डिप्रेशनमुळेही असू शकतं, तेव्हा घरबसल्या निदान करू नका, स्पीच थेरपिस्टला दाखवा आणि सूर ओळखता येतो का तेही तपासायला सांगा. डावखुऱ्यांचं विचाराल तर त्यांच्यातही साधारण ७० टक्के लोकांची भाषा डावीकडेच असते, बाकीच्यांची उजवीकडे किंवा दोन्हीकडे वाटलेली.